मानवी हक्कांचे नाणे आणि एलिनॉर रूझवेल्ट

अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने २०२३ साली पंचवीस सेंटचे एक नाणे चलनात आणले. पंचवीस सेंट म्हणजे डॉलरचा चौथा हिस्सा; आपल्या जुन्या हिशेबाने ती त्यांची पावली होय. नाण्याच्या एका बाजूस एका प्रौढ स्त्रीची प्रतिमा आहे. तिच्या पाठीशी पृथ्वीचा गोल आहे आणि जवळ न्यायाचा तराजू. या स्त्रीचे नाव एलिनॉर रूझवेल्ट. संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जो जागतिक जाहीरनामा संमत केला, तो तयार करणाऱ्या आयोगाच्या त्या अध्यक्षा होत्या. त्या कार्याच्या गौरवार्थच हे नाणे पाडण्यात आले. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत अमेरिकेने आपल्या देशातील वीस स्त्रियांची अशी नाणी काढली, त्यांतले हे एक.

नाण्याच्या दुसऱ्या बाजूस जॉर्ज वॉशिंग्टन आहेत. अमेरिकेचे हे पहिले राष्ट्राध्यक्ष आपल्या शेतमळ्यावर गुलाम बाळगून होते, हे वाचकांना ठाऊक असेलच. म्हणजे एका बाजूला गुलामांचा मालक आणि दुसऱ्या बाजूला मानवी हक्कांची पुरस्कर्ती, असे हे नाणे आहे. बाईंचे पती फ्रँकलिन रूझवेल्ट हेही राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांचा चेहरा १९४६ पासून दहा सेंटच्या नाण्यावर आहे. बायकोला नाण्यावर यावयास आणखी सत्त्याहत्तर वर्षे लागली. मात्र आली ती पंचवीस सेंटवर. एवढ्यापुरता तरी हिशेब चुकता झाला म्हणावयाचा!

आपल्याकडे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० मध्ये एक रुपयाचे नाणे निघाले होते. अनेक घरांत ते खर्च न करता डब्यात जपून ठेवलेले आहे. नाण्यावर माणसाचा गौरव मावतो, त्याचे सगळे आयुष्य मावत नाही. मी ज्या शाळेत शिकवतो तेथे ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन होते आणि चारच दिवसांनी मानवी हक्क दिन येतो. त्या दिवशी मुलांना रूझवेल्टबाईंचे नाव सांगावेच लागते. पण त्यांच्या चरित्रात एक प्रकरण असे आहे की ज्याचा आपल्या चळवळीशी थेट संबंध पोहोचतो, आणि गौरवपर लेखांत ते सहसा गाळले जाते. म्हणून हे चरित्र जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

एलिनॉरचा जन्म ११ ऑक्टोबर १८८४ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. घराणे धनाढ्य व प्रतिष्ठित. तिचे सख्खे चुलते थिओडोर रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. परंतु श्रीमंती होती म्हणून बालपण सुखाचे गेले असे नाही. आई रूपवान, मुलगी दिसावयास साधी आणि वयाच्या मानाने गंभीर. आई तिला चारचौघांत आजीबाई म्हणून हाक मारी आणि मुलगी शरमेने खाली मान घाली. १८९२ मध्ये आई घटसर्पाने गेली. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ गेला. त्याच्या पुढच्या वर्षी दारूच्या व्यसनात बुडालेले वडील गेले. दहा वर्षांची होण्यापूर्वीच एलिनॉर पोरकी झाली आणि आजोळी, आईच्या आईकडे, वाढू लागली. त्या घरात शिस्त पुष्कळ आणि माया थोडी होती.

पंधराव्या वर्षी तिला इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या ॲलनस्वुड नावाच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथील मुख्याध्यापिका मारी सुव्हेस्त्र या फ्रेंच बाई कोणत्याही रूढीपुढे मान न तुकविणाऱ्या होत्या. पुस्तकातले पाठ करून म्हणून दाखविणाऱ्या मुलीपेक्षा स्वतःचे मत मांडणारी मुलगी त्यांना अधिक प्रिय असे. लाजऱ्याबुजऱ्या एलिनॉरला त्यांनी जवळ केले, प्रवासात बरोबर नेले, आगगाडीची वेळापत्रके पाहावयास लावले. तीन वर्षांत ती मुलगी दुसरीच झाली. चांगली शाळा आणि एक चांगला शिक्षक आयुष्याला काय वळण देतो, हे ज्यांच्या घरात पुस्तक पहिल्यांदाच आले त्यांना निराळे सांगावयास नको.

न्यूयॉर्कला परतल्यावर तिने रिव्हिंग्टन रस्त्यावरील एका सेवाकेंद्रात परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या मुलींना शिकविण्याचे काम पत्करले. कपडे शिवण्याच्या कारखान्यांत बायका-मुले कशा स्थितीत राबतात हेही तिने जाऊन पाहिले. तिचा वाग्दत्त वर फ्रँकलिन एकदा तिच्याबरोबर एका आजारी मुलीला घरी पोहोचवावयास गेला. माणसे इतक्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत राहतात हे त्याने तोवर पाहिलेच नव्हते. १७ मार्च १९०५ रोजी त्यांचा विवाह झाला. त्यांना सहा मुले झाली, पैकी एक तान्हेपणीच दगावले. घरात सासूचा अंमल इतका की मुले कशी वाढवावयाची हेही सासूच ठरवी. आपल्या वाचक भगिनींना या भागाचा जास्त विस्तार नको. १९१८ मध्ये पतीचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध उघड झाले. संसार मोडला नाही, पण त्यानंतर बाईंनी आपले आयुष्य आपल्या हाती घेतले. १९२१ मध्ये पतीला पोलिओ होऊन पाय गेले आणि त्यांच्या वतीने सभांना जाणे, बोलणे, लोकांना भेटणे बाईंवर आले. कामकरी स्त्रियांच्या संघटनेत त्या वावरू लागल्या. १९२७ पासून काही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास व साहित्य शिकविले. म्हणजे काही काळ त्या आमच्याच व्यवसायातल्या होत्या!

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. तरुणपणी त्यांच्याही मनात त्यांच्या वर्गाचे सगळे पूर्वग्रह होते. त्यांच्या त्या काळच्या खासगी पत्रांत यहुदी लोकांविषयी तुच्छतेचे उल्लेख सापडतात. कृष्णवर्णीयांना बरोबरीचे मानावे हे त्यांना घरात कोणी शिकविले नव्हते. हे सारे त्यांनी चाळिशीनंतर, माणसांच्या सहवासातून, हळूहळू टाकले. त्यात मेरी मॅक्लिओड बेथून यांचा वाटा मोठा आहे. गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या आणि स्वतः शाळा काढून ती महाविद्यालयापर्यंत नेणाऱ्या या कृष्णवर्णीय शिक्षिकेशी बाईंची पक्की मैत्री जमली.

मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. बारा वर्षे बाई त्या पदाच्या सावलीत राहिल्या, पण सावलीसारख्या राहिल्या नाहीत. त्यांनी फक्त स्त्री-वार्ताहरांसाठी पत्रकार परिषदा सुरू केल्या. त्यामुळे वृत्तपत्रांना स्त्रियांना नोकरीवर ठेवणे भाग पडले. १९३५ च्या अखेरीपासून त्यांचा 'माय डे' हा स्तंभ आठवड्यातून सहा दिवस देशभर छापून येऊ लागला आणि त्यांच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत चालला. वेस्ट व्हर्जिनियातील बेकार खाणकामगारांसाठी आर्थरडेल नावाची नवी वसाहत उभी राहिली ती त्यांच्या आस्थेमुळे. पण त्या वसाहतीत कृष्णवर्णीय कुटुंबांना घरे मिळाली नाहीत. बाईंनी प्रयत्न केला. आधी आलेल्या गोऱ्या रहिवाशांनी मत देऊन नकार दिला. काल स्वतः उपाशी असलेला माणूस आज घर मिळताच दुसऱ्याला वस्तीबाहेर ठेवतो, हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही.

दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी कृष्णवर्णीयांना जमावाने पकडून, हालहाल करून, झाडाला लटकावून मारीत. याविरुद्ध संघराज्याचा कायदा व्हावा म्हणून रंगीत लोकांच्या प्रगतीसाठी स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना झगडत होती. तिचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांची राष्ट्राध्यक्षांशी भेट १९३४ मध्ये बाईंनी घडवून आणली. परंतु दक्षिणेतील आपल्याच पक्षाच्या सिनेटरांना दुखवावयास राष्ट्राध्यक्ष तयार नव्हते. विधेयक बारगळले. बाईंनी आपले मत लपविले नाही. जमावाच्या या हत्यांवरील चित्रांचे प्रदर्शन संघटनेने न्यूयॉर्कमध्ये भरविले तेव्हा त्या जाऊन आल्या. तो कायदा अखेर संमत झाला तो २०२२ साली, म्हणजे बाईंचे नाणे निघण्याच्या आदल्या वर्षी!

नोव्हेंबर १९३८ मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात दक्षिणेच्या उन्नतीसाठी एक परिषद भरली. गोरे आणि काळे प्रतिनिधी सभागृहात एकत्र बसले. शहराच्या पोलिसांनी येऊन हुकूम सोडला की गोऱ्यांनी एका बाजूस बसावे व काळ्यांनी दुसऱ्या बाजूस. बाई आल्या त्या काळ्यांच्या बाजूस जाऊन बसल्या. तेथून उठावे लागेल असे सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी आपली खुर्ची दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेत ठेवली आणि तेथे बसून राहिल्या. पोलिसांना राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला अटक करणे शक्य नव्हते. आता कोणी म्हणेल, राष्ट्राध्यक्षांच्या बायकोला यात धोका तो काय? धोका नव्हता हे खरे. पण वर्गाबाहेर गोणपाटावर बसून शिकलेल्या माणसाचे जे अनुयायी आहेत, त्यांना बसण्याची जागा म्हणजे काय चीज असते हे कळते. ज्याला कोठेही बसण्याची मुभा आहे त्याने मुद्दाम सरहद्दीवर येऊन बसणे ही साधी गोष्ट नव्हे.

पुढच्याच वर्षी मारियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनमधील एका सभागृहात गावयास मनाई झाली. सभागृह अमेरिकन क्रांतीच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेचे होते आणि बाई त्या संस्थेच्या सभासद होत्या. त्यांनी राजीनामा दिला व तो आपल्या स्तंभातून जाहीर केला. मग ९ एप्रिल १९३९ रोजी लिंकनच्या स्मारकासमोर उघड्यावर गायन झाले आणि सुमारे पंचाहत्तर हजार लोक, काळे-गोरे एकत्र उभे राहून, ते ऐकत होते. बाई स्वतः त्या दिवशी तेथे नव्हत्या.

मात्र सर्वच ठिकाणी त्यांनी असा खंबीरपणा दाखविला नाही. १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून तारांच्या कुंपणात डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. बाईंना ते मनातून पटले नव्हते, पण उघडपणे त्या विरोधात उभ्या राहिल्या नाहीत. १९४३ मध्ये त्यांनी ॲरिझोनातील अशा एका छावणीला भेट दिली एवढेच.

१२ एप्रिल १९४५ रोजी पती वारले. साठी ओलांडलेल्या या विधवेचे सार्वजनिक आयुष्य आता संपले असे अनेकांना वाटले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रसंघातील अमेरिकेच्या शिष्टमंडळावर नेमले. शिष्टमंडळातील पुरुषांनी त्यांना तिसऱ्या समितीचे, म्हणजे सामाजिक व सांस्कृतिक प्रश्नांचे काम दिले. तेथे ही बाई फारशी अडचण करणार नाही असा त्यांचा होरा होता. तेथेच निर्वासितांच्या प्रश्नावर रशियाच्या विशिन्स्की यांच्याशी त्यांनी मुद्द्यास मुद्दा भिडविला आणि मत जिंकले. जानेवारी १९४७ मध्ये मानवी हक्क आयोगाची पहिली बैठक न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेस येथे भरली. बाईंची अध्यक्षपदी एकमताने निवड झाली.

या आयोगात नाना देशांची माणसे होती. उपाध्यक्ष चीनचे पी. सी. चांग, कार्यवाह लेबाननचे चार्ल्स मलिक, फ्रान्सचे कायदेपंडित रने कासाँ. जाहीरनाम्याचा पहिला कच्चा मसुदा सचिवालयातील कॅनडाचे जॉन हम्फ्री यांनी तयार केला. त्यात ४८ कलमे होती. कासाँ यांनी त्याची फेरमांडणी केली. म्हणजे जाहीरनामा एकट्या बाईंनी लिहिला असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. त्यांनी केले ते असे की, हक्क देवाने दिले की निसर्गाने की राज्याने, अशा वादांत महिनोन्महिने अडकू पाहणाऱ्या विद्वानांना त्यांनी कामाला जुंपले. रात्री उशिरापर्यंत बैठका चालविल्या. आणि भाषा अशी हवी की साध्या शिकलेल्या माणसाला ती समजावी, हा आग्रह धरला.

आयोगावर भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता होत्या. त्या सुरतेच्या, जन्माने नागर ब्राह्मण. वैश्य जातीच्या डॉ. जीवराज मेहता यांच्याशी लग्न करून त्यांनी स्वजातीचा रोष ओढवून घेतला होता. आपल्या घटनासमितीच्या मूलभूत हक्क उपसमितीवर त्या बाबासाहेबांबरोबर काम करीत होत्या. मसुद्याच्या पहिल्या कलमात सर्व पुरुष समान आहेत अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. त्या शब्दांत स्त्रियाही येतातच, असे रूझवेल्टबाईंना वाटत होते. हंसाबेन हटल्या नाहीत. काही देश या शब्दांचा अक्षरशः अर्थ करून स्त्रियांना वगळतील, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटी तेथे सर्व मानव असे शब्द आले. हा बदल मुख्यत्वे हंसाबेनच्या आग्रहाने झाला. नाण्यावर ज्यांचा चेहरा आहे त्यांना या बाबतीत आपल्या देशातील एका स्त्रीने पुढे नेले.

एक शब्द मात्र आत आला नाही, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. जाहीरनाम्याच्या दुसऱ्या कलमात कोणत्या कारणांवरून भेद करू नये त्यांची यादी आहे. वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म, मत, राष्ट्रीय वा सामाजिक मूळ, मालमत्ता, जन्म, अन्य दर्जा, अशी ती यादी होय. १९४८ च्या शरद ऋतूत पॅरिस येथे तिसऱ्या समितीत या कलमाची चर्चा चालू असता भारताचे प्रतिनिधी महंमद हबीब यांनी जन्म या शब्दाऐवजी जात हा शब्द पसंत असल्याचे सांगितले. पण पुढे भारताच्याच वतीने ए. अप्पादोराय यांनी सामाजिक मूळ व अन्य दर्जा या शब्दांत सर्व काही येते असे म्हणून तो आग्रह सोडून दिला. जगाच्या सनदेत जात हा शब्द यावयाचा तो असा हातचा गेला. त्याच सुमारास, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, दिल्लीत आपल्या घटनासमितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले. तेथे शब्द सोडून देणारे कोणी नव्हते. पुढे २००२ मध्ये राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने १९६५ च्या करारातील कुळ या शब्दात जातीचाही समावेश होतो असे स्पष्ट केले. चोपन्न वर्षे लागली.

जाहीरनाम्याचे अठरावे कलमही या पाक्षिकाच्या वाचकांनी मुद्दाम पाहावे. विचार, सद्‌सद्विवेक व धर्म यांच्या स्वातंत्र्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य येते, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. हे शब्द आत यावेत म्हणून मलिक यांनी आग्रह धरला. सौदी अरेबियाने हरकत घेतली. पाकिस्तानचे जफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाचाच आधार देऊन या कलमाची बाजू घेतली, ही गोष्ट आज सांगितली तर पुष्कळांना खरी वाटणार नाही. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केली होती. नागपूरची दीक्षा १९५६ ची. जगाने हा हक्क मान्य केला तो या दोहोंच्या मध्ये.

तिसऱ्या समितीच्या ऐंशीहून अधिक बैठका झाल्या. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसच्या शायो राजवाड्यात रात्री उशिरा आमसभेने मतदान केले. बाजूने ४८ मते पडली, विरोधात एकही नाही. आठ देश तटस्थ राहिले. त्यांत रशिया व त्याच्या गटातील देश, सौदी अरेबिया, आणि वर्णभेदी राजवटीची दक्षिण आफ्रिका हे होते. सभागृह उभे राहिले आणि बाईंच्या सन्मानार्थ टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहावयास बसलो त्या गोष्टीकडे वळतो. त्यासाठी दोन वर्षे मागे गेले पाहिजे.

१९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्युबॉय या कृष्णवर्णीय विद्वानांना एक पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. भारतातील अस्पृश्यही तसाच मार्ग धरण्याचा विचार करीत आहेत, तेव्हा त्या निवेदनाच्या दोनतीन प्रती मिळाव्यात, अशी त्यांची विनंती होती. द्युबॉय यांनी ३१ जुलै १९४६ रोजी आपुलकीने उत्तर धाडले, एका छोट्या निवेदनाची प्रत पाठविली, आणि आपली संघटना याहून मोठे निवेदन तयार करीत असल्याचे कळविले.

ते मोठे निवेदन २३ ऑक्टोबर १९४७ रोजी राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांच्या हाती देण्यात आले. गुलामीपासून त्या दिवसापर्यंत कृष्णवर्णीयांना कायद्याने व बेकायदा कसे नागविले गेले, मताधिकार, शिक्षण, आरोग्य यांत कसे डावलले गेले, याची ती आधारासह मांडलेली कैफियत होती. ती विचारार्थ पुढे यावी तर मानवी हक्क आयोगापुढेच यावयाची. आणि आयोगाच्या अध्यक्षा होत्या रूझवेल्टबाई. शिवाय १९४५ पासून त्या निवेदन देणाऱ्या त्याच संघटनेच्या संचालक मंडळावरही होत्या. याहून अनुकूल योग कोणता?

बाईंनी ते निवेदन पुढे आणण्यास नकार दिला. निवेदन सादर होण्याच्या प्रसंगी त्या हजर राहिल्या नाहीत. त्यांच्यावर या बाबतीत दबाव येऊ लागला तेव्हा त्यांनी संघटनेच्या मंडळाचा राजीनामा देण्याची तयारी दाखविली आणि वॉल्टर व्हाइट यांना त्यांची समजूत काढावी लागली. कारण सरळ होते. बाई तेथे अमेरिकन सरकारच्या प्रतिनिधी होत्या आणि परराष्ट्र खात्याच्या सूचनांनी बांधलेल्या होत्या. शीतयुद्ध सुरू झाले होते. हे गाऱ्हाणे उघड्यावर आले तर रशिया त्याचे भांडवल करील, ही भीती होती. आणि रशियाने खरोखरच भेदभावविषयक उपआयोगात त्याची चौकशी व्हावी अशी मागणी केली. ती फेटाळली गेली. निवेदन दप्तरी पडले. पुढे १९४८ मध्ये द्युबॉय यांना त्यांच्या संघटनेनेच कामावरून दूर केले.

एवढेच नव्हे. १९४७ मध्येच आयोगाने असे ठरवून टाकले होते की, मानवी हक्कांविषयीच्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा आपणास अधिकार नाही. जगभरातून येणारे अर्ज नोंदवावयाचे आणि ठेवून द्यावयाचे. ज्या काळात आयोग मानवी हक्कांचे शब्द घोटून घोटून तयार करीत होता, त्याच काळात ज्यांचे हक्क हिरावले गेले होते त्यांच्या अर्जांवर धूळ बसत होती. तक्रारींची काही रीतसर छाननी सुरू झाली ती १९७० च्या ठरावानंतर.

बाईंचे समर्थन करणारे सांगतात की, एक निवेदन पुढे आणून सारा जाहीरनामाच बुडविण्यापेक्षा त्यांनी शहाणपणाचा मार्ग धरला. यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. दक्षिणेतील सिनेटर टपूनच बसले होते. पण हा युक्तिवाद आपण फार ऐकला आहे. आधी मोठे काम होऊ द्या, तुमचे नंतर पाहू, असे आपल्यालाही प्रत्येक मोठ्या कामाच्या वेळी सांगण्यात आले. बर्मिंगहॅमला मधल्या वाटेत खुर्ची ठेवणाऱ्या बाई १९४७ मध्ये मधल्या वाटेत बसल्या नाहीत. त्या सरकारच्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून हे म्हणावे लागते. बाबासाहेबांनी त्या दाराशी फार काळ वाट पाहिली नाही, हे बरे झाले. मार्च १९४७ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार करून घटनासमितीपुढे ठेवले आणि पुढची लढाई तेथे लढविली.

१९५२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाई भारतात येऊन गेल्या. त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले. १९५३ मध्ये आयझेनहॉवर सत्तेवर येताच त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि मानवी हक्कांच्या बंधनकारक करारांत आपण सामील होणार नाही, असे अमेरिकन सरकारने जाहीर केले. ज्या परराष्ट्र खात्याची मर्जी राखण्यासाठी त्यांनी निवेदन अडविले, त्याने त्यांच्या कामाची ही किंमत केली. त्यानंतर बाई पदाविना गावोगाव हिंडून लोकांना जाहीरनामा समजावून देत राहिल्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगात दुखणे, तरी आपली बॅग आपणच उचलावयाची.

मे १९६२ मध्ये वॉशिंग्टन येथे एक चौकशी समिती बसली. बसमध्ये, उपाहारगृहात, मतदार नोंदणीच्या कचेरीत समान हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांना दक्षिणेत पोलीस व न्यायालये कसे वागवितात, याची ती चौकशी होती. समिती सरकारी नव्हती. अध्यक्षस्थानी सत्त्याहत्तर वर्षांच्या रूझवेल्टबाई होत्या. मारहाण झालेली, खोट्या आरोपांखाली तुरुंगात टाकलेली माणसे एकामागून एक पुढे येत होती आणि आपली हकीकत सांगत होती. या वेळी कोणाचाही अर्ज परत गेला नाही. बाई आजारी होत्या. रक्ताचे दुखणे बळावले होते. तरी त्या बसून सर्व ऐकत होत्या.

७ नोव्हेंबर १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. हाइड पार्क येथे गुलाबांच्या बागेत पतीशेजारी त्यांना पुरण्यात आले. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन व आयझेनहॉवर असे तिघेही तेथे उभे होते. कबरीवर पांढऱ्या संगमरवराचा एक साधा चौकोनी दगड आहे. त्यावर दोघांची नावे आहेत आणि जन्म-मृत्यूची साले. दुसरे काही कोरलेले नाही.